मराठवाड्यातील फौजदारी अभिलेख : शोध, मागणी आणि इतिहासलेखन
(विशेष संदर्भ : नांदेड व लातूर जिल्हे)

बीजसंज्ञा : फौजदारी अभिलेख, हैदराबाद संस्थान, नांदेड, लातूर, माहितीचा अधिकार, स्थानिक इतिहास

१. प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांची चर्चा करताना ताम्रपट, शिलालेख, बखरी, पत्रव्यवहार आणि वृत्तपत्रे यांचा उल्लेख आपण न चुकता करतो. फौजदारी न्यायालयाचे दप्तर, पोलीस ठाण्याची गुन्हे नोंदवही आणि तुरुंगातील बंद्यांची नोंदवही यांना मात्र त्या यादीत क्वचितच स्थान मिळते. वस्तुतः ज्या माणसांनी स्वतःविषयी एक ओळही लिहून ठेवली नाही, त्यांचे नाव, वय, जात, गाव, व्यवसाय आणि प्रसंगी त्यांचे प्रत्यक्ष बोलणेही याच कागदांत उतरलेले असते. कार्लो गिन्झबर्ग यांनी इटलीतील धर्मन्यायालयाच्या कागदपत्रांतून सोळाव्या शतकातील एका गिरणीवाल्याचे विचारविश्व उभे केले. रणजित गुहा यांनी एकोणिसाव्या शतकातील बंगालमधील एका स्त्रीच्या मृत्यूची कहाणी अशाच त्रोटक जबान्यांतून वाचली. शाहिद अमीन यांनी १९२२ च्या चौरीचौरा प्रकरणाचा अभ्यास करताना माफीच्या साक्षीदाराची जबानी इतिहासकाराने कशी हाताळावी, याचा वस्तुपाठ घालून दिला.

मराठवाड्यात हा प्रश्न केवळ विद्यापीठीय राहिलेला नाही. स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान निवृत्तिवेतनासाठी तुरुंगवासाचा पुरावा लागला, तेव्हा जुनी तुरुंग दप्तरे शोधावी लागली. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा महसुली व शैक्षणिक कागदांबरोबर पोलीस ठाण्यांतील गुन्हे नोंदवह्या, अटक पंचनामे आणि कारागृहांतील कच्च्या व शिक्षा झालेल्या बंद्यांच्या नोंदवह्याही तपासण्यात आल्या. एका पिढीचे निवृत्तिवेतन आणि दुसऱ्या पिढीचे जातप्रमाणपत्र अशा प्रकारे फौजदारी दप्तराशी जोडले गेले. असे असूनही हे दप्तर नेमके कोठे आहे, ते कोणाकडे व कोणत्या पद्धतीने मागावे, याची मांडणी आपल्याकडे फारशी झालेली नाही.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : (अ) नांदेड व लातूर जिल्ह्यांशी संबंधित फौजदारी अभिलेखांच्या विखुरलेपणाची ऐतिहासिक कारणे स्पष्ट करणे, (ब) असे अभिलेख मागण्याचे वैध मार्ग नोंदविणे, (क) त्यांच्या वापरातील मर्यादा व जबाबदाऱ्या दाखविणे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, न्यायनिर्णय आणि प्रशासकीय फेररचनेचा इतिहास यांचा आधार घेतला आहे. निबंधाचे मुख्य प्रतिपादन असे की, मराठवाड्यातील फौजदारी नोंद ही गावाच्या आजच्या जिल्ह्यात नव्हे, तर गुन्ह्याच्या वर्षी ते गाव ज्या जिल्ह्यात व ज्या सत्तेखाली होते तेथे शोधावी लागते. हे लक्षात न घेता केलेल्या मागणीला 'अभिलेख उपलब्ध नाही' असे उत्तर मिळते आणि त्या उत्तराचा 'अशी घटनाच घडली नाही' असा चुकीचा अर्थ लावला जातो.

३. फौजदारी अभिलेखाचे स्वरूप

अमेरिकेत गंभीर गुन्ह्यांचा एक स्वतंत्र वर्ग मानला जातो आणि व्यक्तीच्या नावावरून तिच्या दोषसिद्धीची माहिती मिळविण्याची व्यवस्था अनेक राज्यांत आहे. भारतात तसा वर्गही नाही आणि कोणालाही पाहता येईल असे व्यक्तिवार गुन्ह्यांचे एकच सार्वजनिक रजिस्टरही नाही. आपल्याकडे गुन्हे दखलपात्र व अदखलपात्र, जामीनपात्र व अजामीनपात्र, तसेच सत्र न्यायालयाने किंवा दंडाधिकाऱ्याने चालवावयाचे अशा रीतीने विभागले जातात. चारित्र्य पडताळणीचा दाखला व्यक्ती स्वतःपुरता मागू शकते. दुसऱ्याच्या नावे तो मिळत नाही. निवडणुकीतील उमेदवारांचे शपथपत्र हा याला महत्त्वाचा अपवाद होय. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांनंतर उमेदवाराला प्रलंबित खटल्यांची व दोषसिद्धीची माहिती मतदारांसमोर ठेवावी लागते.

यावरून एक व्यावहारिक सूत्र निघते. आपल्याकडे अभिलेख माणसाच्या नावाने लावलेला नसून प्रकरणाच्या क्रमांकाने लावलेला असतो. पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक आणि वर्ष; न्यायालय, खटला क्रमांक आणि निकालाची तारीख; कारागृह, बंदी क्रमांक आणि दाखल झाल्याचा दिनांक, या तीन साखळ्यांपैकी एक दुवा हाती आला की उरलेल्या दोन साखळ्यांकडे जाता येते. म्हणून अभ्यासकाचे पहिले काम अर्ज लिहिण्याचे नसून हा दुवा शोधण्याचे आहे. तो समकालीन वृत्तपत्रांत, कुटुंबातील जुन्या कागदांत, आत्मचरित्रांत किंवा प्रकाशित न्यायनिर्णयात सापडतो.

४. गाव आजचे, जिल्हा त्या वर्षीचा

नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या आजच्या सीमा अलीकडच्या आहेत. हैदराबाद संस्थानात मराठवाड्याचे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद असे पाच जिल्हे होते. लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुका होता. स्वतंत्र लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये अस्तित्वात आला. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात मोडत होते. त्याच वर्षीच्या राज्य पुनर्रचना कायद्याने ते मुंबई राज्यात आले आणि उर्वरित बीदरचा मोठा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. परिणामी १९४० च्या दशकातील उदगीरच्या एखाद्या खटल्याचा माग काढताना लातूर, धाराशिव, बीदर आणि हैदराबाद अशा चार ठिकाणी विचारणा करण्याची तयारी ठेवावी लागते.

नांदेडची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. किनवट तालुका व इस्लापूर मंडळ १९५६ पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. तेथून ते नांदेडला जोडले गेले. उलटपक्षी देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे, तसेच मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे नांदेड जिल्ह्यातून वगळून आंध्र प्रदेशात ठेवण्यात आली. आज ती तेलंगणात आहेत. म्हणजे जुन्या नांदेड जिल्ह्याच्या गुन्हेविषयक कागदांत आज परराज्यात असलेली गावे आहेत आणि आजच्या नांदेडमधील काही गावांचे जुने कागद मूळ आदिलाबादचे आहेत.

वरिष्ठ न्यायालयांबाबतही हाच विचार लागू होतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात होता. त्यानंतर तो मुंबई उच्च न्यायालयाकडे आला आणि औरंगाबाद येथे त्या न्यायालयाचे कामकाज २७ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाले. याखेरीज संस्थानात सर्फ-ए-खास, पायगा व जहागिरींचे प्रदेश होते आणि त्यांपैकी काहींना न्यायाचे स्वतंत्र अधिकार होते. १९४९ मध्ये जहागिरी नष्ट झाल्या. त्यामुळे जहागिरीतील गावाचा खटला दिवाणी मुलखाच्या दप्तरात दिसला नाही, तर आश्चर्य मानण्याचे कारण नाही.

५. भाषा, कालगणना आणि कायदा

स्थळ निश्चित झाल्यावर कागद वाचण्याचा प्रश्न उभा राहतो. हैदराबादच्या न्यायदानाची भाषा आधी फारसी होती व १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवरच्या कागदांत मोडी लिपीतील मराठी आढळते. फिर्याद मोडीत, जबानी उर्दूत आणि वरिष्ठांचा शेरा इंग्रजीत, असे एकाच प्रकरणात संभवते. मोडी व उर्दू या दोन्ही लिपींचे किमान वाचनज्ञान असलेले अभ्यासक आज मराठवाड्यातच थोडे आहेत, ही वस्तुस्थिती नोंदविणे आवश्यक वाटते.

कालगणना फसली सनाची आहे. हैदराबादच्या फसली वर्षाचा आरंभ ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूर महिन्याने होत असे. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळासाठी फसली सनात ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळविले की इसवी सन येतो. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ हा कालखंड. मुक्तिसंग्रामाचे निर्णायक पर्व जवळजवळ संपूर्णपणे या एकाच फसली वर्षात सामावलेले आहे. सरसकट ५९० मिळविणारा अभ्यासक १९४८ च्या घटना १९४७ च्या दप्तरात शोधत बसेल.

कायद्याचे कलमही जसेच्या तसे घेता येत नाही. संस्थानाची स्वतःची दंड संहिता व फौजदारी प्रक्रिया होती. भारतीय दंड संहिता येथे १ एप्रिल १९५१ पासून लागू झाली. तत्पूर्वीच्या कागदावरील कलमाचा क्रमांक भारतीय दंड संहितेत शोधला, तर गुन्ह्याचे स्वरूपच चुकेल. हाच धोका आता नव्याने निर्माण झाला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आल्याने उद्याच्या अभ्यासकाला तीन संहितांचे क्रमांक जुळवावे लागणार आहेत.

६. मागणीचे मार्ग

न्यायालय : निकाली खटल्याचे कागद जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात जातात आणि नक्कल विभागामार्फत प्रमाणित प्रत मिळते. आरोपी किंवा निर्णयाने बाधित व्यक्तीला प्रत मागण्याचा हक्क आहेच; परंतु तिऱ्हाईत व्यक्तीलाही उच्च न्यायालयाच्या नियमांनुसार शुल्क भरून प्रत मागता येते. ही तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६३ मध्ये होती, ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ मध्ये आहे. अर्जात खटला क्रमांक, पक्षकार, निकालाची तारीख आणि मागणीचे प्रयोजन स्पष्ट लिहावे. येथे माहिती अधिकाराचा अर्ज करण्याची चूक अनेकदा होते. न्यायिक अभिलेखाच्या प्रती उच्च न्यायालयाच्या नियमांनुसारच मागाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. अलीकडच्या खटल्यांची स्थिती व निर्णय ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव, प्रथम खबरीचा क्रमांक किंवा सोळा अक्षरांकी सीएनआर क्रमांक यांवरून पाहता येतात. लातूरच्या १९८२ पूर्वीच्या सत्र खटल्यांसाठी लातूरबरोबर धाराशिव येथेही विचारणा करावी.

पोलीस : सप्टेंबर २०१६ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार, संवेदनशील प्रकरणे वगळता, प्रथम माहिती अहवाल संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक झाले. जुन्या गुन्हे नोंदवह्यांसाठी मात्र माहितीच्या अधिकाराचा कायदा, २००५ हाच मुख्य मार्ग आहे. अर्जाचे शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, प्रथम अपील ३० दिवसांत व द्वितीय अपील ९० दिवसांत अशी त्याची चौकट आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयापुरता व १५० शब्दांच्या मर्यादेत असावा लागतो. इतिहासाच्या अभ्यासकासाठी या कायद्यातील दोन तरतुदी विशेष उपयुक्त आहेत. एक, प्रती न मागता दप्तराची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा व टिपणे घेण्याचा हक्क. दोन, कलम ८(३). त्यानुसार अर्जाच्या दिनांकापूर्वी २० वर्षे घडलेल्या घटनेची माहिती, राष्ट्रीय सुरक्षा, विधिमंडळाचे विशेषाधिकार व मंत्रिमंडळाचे कागद या तीन बाबी वगळता, द्यावी लागते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने खासगी माहितीविषयीचा अपवाद अधिक व्यापक केला असला, तरी तो या तीन बाबींत येत नाही. जुन्या अभिलेखासाठी अर्ज करताना कलम ८(३) चा उल्लेख आवर्जून करावा.

कारागृह व पुराभिलेखागार : १९४८ पूर्वीच्या राजकीय बंद्यांना औरंगाबाद, गुलबर्गा, निझामाबाद तसेच हैदराबादच्या चंचलगुडा अशा दूरच्या तुरुंगांत ठेवले जात असे, त्यामुळे नांदेडच्या सत्याग्रहीची नोंद नांदेडच्या कारागृहात असेलच असे नाही. संस्थानच्या मध्यवर्ती दप्तराचा वारसा हैदराबादमधील तारनाका येथील तेलंगणा राज्य पुराभिलेखागाराकडे आहे. महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयाचे कार्यालय छत्रपती संभाजीनगर येथेही आहे. आपल्याकडे नसलेली माहिती ज्या प्राधिकरणाकडे आहे त्याच्याकडे अर्ज पाच दिवसांत हस्तांतरित करण्याची तरतूद माहिती अधिकार कायद्यात आहे. राज्याच्या सीमेपलीकडील दप्तरासाठी मात्र अभ्यासकाने स्वतंत्र अर्ज करणेच इष्ट होय.

७. 'अभिलेख उपलब्ध नाही' या उत्तराचा अर्थ

सर्व मार्ग चोखाळूनही नकारार्थी उत्तर येऊ शकते. त्याची कारणे वेगवेगळी असतात : कागद दुसऱ्या जिल्ह्यात असणे, मुदत संपल्याने नियमानुसार नष्ट केलेला असणे, वाळवी वा ओल लागून गेलेला असणे, किंवा मुळात तयारच न झालेला असणे. न्यायालयीन कागदांचे वर्ग पाडून त्यांच्या जतनाच्या मुदती ठरविलेल्या असतात. म्हणून उत्तर मिळाल्यावर कागद नष्ट केल्याची नोंद व तिचा दिनांक मागावा. नियमानुसार नष्ट केलेल्या कागदाचा उल्लेख नोंदवहीत शिल्लक राहण्याची शक्यता असते आणि तो उल्लेखही पुरावाच आहे. २००५ च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने अभिलेखांची जबाबदारी निश्चित केली आहे, याचेही स्मरण अर्जात करून द्यावे.

या उत्तराची सामाजिक किंमत स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाच्या इतिहासात दिसते. १९७२ मध्ये सुरू झालेल्या व १९८० मध्ये विस्तारलेल्या केंद्रीय योजनेत सर्वसाधारणपणे सहा महिन्यांचा तुरुंगवास ही अट होती. कागद न मिळाल्यास अभिलेख अनुपलब्धतेचा दाखला व सहबंद्याचे प्रमाणपत्र हा पर्याय ठेवण्यात आला. तो न्याय्यच होता; कारण भूमिगत लढणाऱ्याने स्वतःविरुद्धचे कागद जपून ठेवावेत, अशी अपेक्षा कशी करता येईल? २००१ मध्ये गुरदयाळ सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही अशा दाव्यांना फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा मागू नये, असे म्हटले. परंतु याच सवलतीच्या आडून मराठवाड्यात बनावट दावे शिरले. बीड जिल्ह्यातील तक्रारी न्यायालयात गेल्या, निवृत्त न्यायमूर्ती पालकर यांच्यामार्फत चौकशी झाली आणि २००५ मध्ये भाऊराव दगडू परळकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला या विषयावर निर्णय द्यावा लागला. जेथे मूळ नोंद वेळेवर शोधली जात नाही तेथे खऱ्या सैनिकाला हेलपाटे घडतात आणि खोट्याला वाट मिळते, हा या प्रकरणाचा इतिहासकारांसाठी धडा आहे.

८. नोंदीचे वाचन : दोन उदाहरणे

मिळालेली नोंद सत्तेच्या भाषेत लिहिलेली असते. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील हैदराबाद स्टेट बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी छापा घातला आणि लढ्यासाठी रक्कम सीमेपलीकडील उमरखेडच्या शिबिराकडे नेली. संस्थानच्या कायद्याने ही दरोड्याची घटना होती. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात ती उमरीची कृती आहे. उमरखेड तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात असल्याने या घटनेचे कागद दोन राज्यव्यवस्थांत शोधावे लागतात. कागदावरचा 'दरोडा' हा शब्द खोटा नाही, पण पुरेसाही नाही.

दुसरे उदाहरण लातूरचे. रझाकार संघटनेचा नेता कासिम रझवी हा मूळ लातूरचा वकील. पोलीस कारवाईनंतर त्याच्यावर विशेष न्यायाधिकरणासमोर खटले चालले. बीबीनगर दरोडा प्रकरणातील त्याचे आव्हान सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९५३ मध्ये बहुमताने फेटाळले. तो निर्णय विधी अहवालांत छापलेला असून कोणत्याही महाविद्यालयीन ग्रंथालयातून मिळविता येतो. लातूरच्या इतिहासातील इतक्या महत्त्वाच्या व्यक्तीचा फौजदारी अभिलेख लातूरच्या कोणत्याही दप्तरात शोधून सापडणार नाही. पण अपिलाच्या निर्णयापासून मागे जात कनिष्ठ न्यायालयापर्यंत पोहोचण्याचा मार्ग मात्र तो दाखवितो.

या दोहोंच्या जोडीला मौनाचाही विचार करावा लागतो. पोलीस कारवाईनंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक पीडित असल्याचे नमूद केले होते. आजच्या लातूर व नांदेडचा बहुतेक भाग यांतच येतो. रझाकारांच्या अत्याचारांपैकी किती गुन्हे संस्थानच्या पोलिसांनी नोंदविले आणि सप्टेंबर १९४८ नंतरच्या हिंसेपैकी किती नव्या राजवटीने नोंदविले, हे दोन्ही प्रश्न एकाच काटेकोरपणे विचारले पाहिजेत. एकच बाजू विचारणारा इतिहास अभिलेखाशीही प्रामाणिक राहत नाही.

९. जबाबदारीचा प्रश्न

फौजदारी नोंद ही आरोपाची नोंद असू शकते. ती दोषसिद्धी नव्हे. निर्दोष सुटलेल्या माणसाचे नाव गुन्हे नोंदवहीत तसेच राहते. जन्माने गुन्हेगार ठरविणारा गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, तरी त्या दृष्टीने भरलेल्या नोंदवह्या दप्तरात आहेत. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या इतिहासपत्रकांत सामाजिकदृष्ट्या वंचित समूहांची नावे यांत्रिकपणे येऊ नयेत, याबद्दल सावध केले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात कारागृहांतील बंद्यांच्या नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला.

येथे एक विलक्षण विरोधाभास दिसतो. जुन्या तुरुंग नोंदवहीतील जातीचा जो रकाना एका समूहाला अपमानाचा वाटत आला, तोच रकाना २०२३ मध्ये दुसऱ्या समूहाने हक्काचा आधार म्हणून शोधला. पुढील काळासाठी तो रकाना बंद करणे योग्यच आहे. मात्र त्यासाठी जुन्या नोंदवह्या फाडणे किंवा खोडणे म्हणजे अन्यायाचा पुरावाच नष्ट करणे होईल. अभ्यासकाने जुनी नोंद जतन करावी, आणि हयात कुटुंबांची ओळख पटेल असा तपशील प्रकाशित करताना मात्र संयम पाळावा.

१०. निष्कर्ष

१. नांदेड व लातूर येथील फौजदारी अभिलेखांचे विखुरलेपण हे केवळ दुर्लक्षाचे फळ नसून १९४८, १९५६ व १९८२ च्या राजकीय-प्रशासकीय बदलांचा तो परिणाम आहे.

२. गावाचा त्या वर्षीचा जिल्हा, फसली दिनांक, लागू संहिता आणि प्रकरणाचा क्रमांक या चार बाबी ठरल्याशिवाय केलेली मागणी बहुधा निष्फळ ठरते.

३. न्यायिक अभिलेखासाठी नकलेचा अर्ज व अन्य अभिलेखासाठी माहिती अधिकाराचा अर्ज, हा भेद पाळला पाहिजे.

४. अभिलेखाची अनुपलब्धता हा शोधाचा शेवट नसून तोही अभ्यासाचा विषय आहे.

या कामात महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना निश्चित भूमिका आहे. प्रत्येक विभागाने आपल्या तालुक्यातील गावांची, ती कोणत्या वर्षी कोणत्या जिल्ह्यात, मंडळात वा जहागिरीत होती हे दाखविणारी एक तक्ता-सूची तयार केली आणि मोडी व उर्दू वाचनाचा एखादा अल्पमुदतीचा वर्ग चालविला, तरी पुढील अभ्यासकाची वर्षे वाचतील. आजोबांचा तुरुंगवास सिद्ध करण्यासाठी कार्यालयांच्या पायऱ्या झिजविणाऱ्या नातवाला आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किमान कोणत्या दारावर जायचे हे कळले, तर संशोधनाचा समाजाला काय उपयोग, या प्रश्नाला ते एक समाधानकारक उत्तर ठरेल.